अनेक दुकानांची एक वही

मुंबई-पुण्याच्या दुकानांत गल्ल्यामागच्या भिंतीवर, लक्ष्मी-गणपतीच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत घातलेला एक सरकारी कागद दिसतो. बाजारात त्याला ‘गुमास्ता’ म्हणतात. दुकान थाटायचे तर गुमास्ता काढावा लागे, बँकेत चालू खाते उघडायचे तर गुमास्त्याची प्रत जोडावी लागे. गुमास्ता हा फारसीतून आलेला शब्द. अर्थ पेढीवर नेमलेला माणूस, मालकाच्या वतीने व्यवहार पाहणारा कारकून. ज्या कागदाला आपण मालकाचा परवाना समजत आलो त्याचे नाव नोकरावरून पडले आहे, आणि तसे पडण्याला कारण आहे. १९३९ साली मुंबई प्रांताने दुकाने व आस्थापनांचा कायदा केला, तेव्हा त्याच्या मध्यभागी दुकानात राबणारा माणूस होता: त्याने किती तास उभे राहायचे, मधली सुट्टी केव्हा, आठवड्याची रजा कोणत्या वारी. देशात अशा प्रकारचा हा पहिला कायदा. १९४८ मध्ये त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली आणि नोकरांची हजेरी, रजा, पगार यांच्या नोंदी ठेवणे हे दुकानदाराचे कर्तव्य झाले. मोठ्या पेढीवर हे काम मुनीम किंवा दिवाणजी करू शकत होता. दोन पोरे हाताशी घेऊन किराणा विकणाऱ्याला मात्र रात्री दुकान वाढवल्यावर ते स्वतःच करायचे होते. नोंदी हळूहळू मागे पडल्या, भिंतीवरचा कागद राहिला.

छोट्या धंद्यातल्या माणसांच्या व्यवस्थेचा आपल्याकडचा इतिहास बहुतेक असाच आहे. कायद्याने जबाबदारी सांगितली. ती पार पाडायला लागणारा वेळ, ज्ञान आणि माणूस छोट्या मालकाने कुठून आणायचा याचा विचार क्वचितच झाला. ज्याला आज ‘एचआर’ म्हणतात, म्हणजे माणसे निवडणे, त्यांची हजेरी ठेवणे, पगार वेळेवर आणि हिशेबाने देणे, आजारपण-अपघात पाहणे, तक्रार ऐकणे आणि निवृत्त होणाऱ्याच्या हाती काहीतरी पडेल असे बघणे, हे सगळे मोठ्या कारखान्याची गरज म्हणून वाढले. छोट्या धंद्याला ते एकट्याने झेपत नाही, पण अनेक धंद्यांनी मिळून उभे केले तर झेपते, असे माझे म्हणणे आहे. त्याला पुरावा शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. मुंबईच्या बंदरांवर आणि मशीद बंदरच्या गोदामांत तो पुरावा घडलेला आहे. त्याचे नाव माथाडी मंडळ. आपण त्याची गोष्ट नेहमी कामगार चळवळीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण ती छोट्या व्यापाऱ्याच्या मनुष्यबळ खात्याचीही गोष्ट आहे, आणि ही बाजू फारशी सांगितली गेलेली नाही.

आधी मोठ्यांची हकीकत थोडक्यात. मुंबईच्या गिरण्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत माणसे घेणे-काढणे जॉबरच्या हाती होते. बायकांच्या खात्यात तेच काम नायकीण करी. जॉबर गावाकडून माणूस आणी, त्याला खोली बघून देई, अडचणीला कर्ज देई आणि या सगळ्याबद्दल पगारातून दस्तुरी घेई. मालकाला हे सोयीचे वाटे, कारण हजारो माणसांशी बोलण्याऐवजी पंधरा-वीस जॉबरांशी बोलून भागत असे. विसाच्या दशकातल्या मोठ्या संपांनी ही सोय किती महाग आहे ते दाखवले. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने, ज्याचे ना. म. जोशी हे एक सदस्य होते, १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा अशी शिफारस केली. औद्योगिक तंटे समेटाने मिटवण्यासाठी केलेल्या १९३४ च्या कायद्यानंतर मुंबईत सरकारी कामगार अधिकारी आला, गिरणीमालक संघानेही आपला अधिकारी नेमला, आणि १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्ड देऊन त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. १९३६ मध्ये नागपाड्यात दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, जिची पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. कामगार कल्याण अधिकाऱ्यांच्या पिढ्या तिथे तयार झाल्या. म्हणजे दहाएक वर्षांच्या आत मुंबईच्या मोठ्या उद्योगाला माणसे सांभाळण्याचा स्वतंत्र व्यवसाय मिळाला.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी ही व्यवस्था पक्की केली, पण ती आकड्यांवर बसवली. १९४८ च्या कारखाना अधिनियमात कल्याण अधिकारी बंधनकारक झाला तो पाचशे कामगारांच्या वर. उपाहारगृह अडीचशेच्या वर, पाळणाघर पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तर. १९५२ चा भविष्य निर्वाह निधीचा कायदा सुरुवातीला पन्नास कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. १९६० मध्ये ती मर्यादा वीसवर आली. बोनसच्या कायद्याची मर्यादा वीस, ग्रॅच्युइटीच्या कायद्याची दहा. प्रत्येक आकड्यामागे व्यवहारी कारण होते, कारण पाच माणसांच्या कारखान्यावर पाळणाघर लादता येत नाही. पण या आकड्यांच्या खाली राहणारा देश केवढा आहे? २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत सुमारे ५.८५ कोटी आस्थापना मोजल्या गेल्या आणि त्यांत सुमारे १३.१ कोटी माणसे काम करत होती. सरासरी काढली तर एका आस्थापनेमागे दोनाहून थोडी अधिक माणसे येतात. कायद्यांनी उंबरा जिथे बांधला, त्याच्या बाहेर जवळजवळ सगळे गाव उभे होते.

या उंबऱ्याबाहेरचे पहिले मोठे काम गोदीत झाले. जहाजावरचा माल चढवण्या-उतरवण्याचे काम स्टिव्हडोर नावाचे ठेकेदार घेत. जहाज आले की माणसे लागत, जहाज गेले की ती नको असत. त्यामुळे कोणताही स्टिव्हडोर कायम माणसे ठेवायला तयार नव्हता, आणि सकाळी गोदीच्या फाटकापाशी उभे राहणाऱ्याला आज काम मिळेल की नाही हे टोळीवाल्याच्या मर्जीवर ठरे. १९४८ मध्ये केंद्राने गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा केला आणि १९५१ मध्ये मुंबईची योजना आली. त्यातली कल्पना साधी आणि दूरवर जाणारी होती: कामगाराने एका ठेकेदाराकडे नाव नोंदवायचे नाही, सगळ्यांच्या सामायिक मंडळाकडे नोंदवायचे. ठेकेदारांनीही मंडळाकडे नोंद करायची. माणसे लागली की मंडळाकडून पाळीपाळीने घ्यायची, पैसे मंडळात भरायचे. हजेरी लावूनही काम मिळाले नाही तर कामगाराला हजेरीभत्ता मिळे. जहाजांची ये-जा अनिश्चितच राहिली, पण त्या अनिश्चिततेचा भार एका माणसाच्या पोटावर न पडता साऱ्या बंदरावर वाटला गेला.

गोदीच्या भिंतीबाहेर मात्र काहीच बदलले नव्हते. मशीद बंदर, दाणाबंदर, कर्नाक बंदर, दारूखाना, मुळजी जेठा मार्केट, या पट्ट्यात मुंबईचा घाऊक व्यापार दाटलेला होता. मसाले, सुकामेवा, धान्य, कांदा-बटाटा, लोखंड, कागद, कापड. व्यापारी श्रीमंत दिसत, पण त्यांच्या पेढ्या लहान असत: एक गादी, एक मुनीम, दोन-चार माणसे आणि मागे गोदाम. रोजचा माल किती येईल ते ठरलेले नसे. शंभर किलोच्या गोणींचा ट्रक आला की तो दोन तासांत रिकामा व्हायला हवा, आणि नंतर दिवसभर काम नाही असेही होई. अशा पेढीने हमाल कायमचा ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून टोळ्या होत्या. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर या जिल्ह्यांच्या डोंगराळ तालुक्यांतून आलेली माणसे गावकीच्या खोल्यांत दाटीने राहत, डोक्यावर चुंबळ आणि हातात गोणी ओढायची आकडी घेऊन दिवसात चार-पाच पेढ्यांची कामे करत. मजुरी नगावर, म्हणजे गोणीवर ठरे. ती टोळीवाल्याच्या हाती पडे, आणि त्याने आपला वाटा कापून घेतल्यावर उरलेले माणसांत वाटले जाई. कोणी किती गोणी उचलल्या, कोणाला किती मिळाले, याची लेखी नोंद बहुधा नसेच. पाठ दुखावली, पाय घसरला, तर गावाला जायचे. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. या माणसाला धनी बरेच होते आणि मालक एकही नव्हता.

व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात फायदा दिसतो, आणि पेढीच्या गादीवरून तो तसा दिसतही असणार. पण फायद्याच्या आत तोटा दडलेला होता. व्यापाऱ्याचा आपल्या गोदामात काम करणाऱ्या माणसांशी संबंध टोळीवाल्यामार्फतच येई. टोळीवाल्याने दर वाढवला तर दुसरी टोळी त्या गोदामात पाय ठेवत नसे. माल फुटला तर भरपाई कोणाकडे मागायची ते कळत नसे. भांडण झाले तर ते दुकानाच्या दारातच होई, ट्रक भरलेला उभा राही आणि नासणारा माल नासे. गिरणीमालकाला जॉबरने जसे आंधळे केले होते तसेच टोळीवाल्याने पेढीवाल्याला केले. फरक एवढाच की गिरणीमालकाकडे जॉबरला बाजूला सारून कामगार अधिकारी नेमण्याइतके बळ होते, पेढीवाल्याकडे नव्हते. एका पेढीच्या हमालीवर हजेरी-कारकून बसवणे म्हणजे गोणीपेक्षा सुतळी महाग.

साठच्या दशकात अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली. पाटण तालुक्यातून आलेल्या आणि स्वतः ओझी वाहिलेल्या या माणसाला बाजाराची रचना आतून माहीत होती. पुण्यात त्याआधीच, १९५५ मध्ये, बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली होती. दोन्हीकडच्या मागणीत एक समान गोष्ट होती: नुसती दरवाढ पुरेशी नाही, नोंद हवी. जुलै १९६५ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. अस्तित्वात असलेल्या कामगार कायद्यांतून या माणसांना दिलासा देता येईल का, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता. नोव्हेंबर १९६७ मध्ये तिने अहवाल दिला, आणि त्यातले निदान आजही वाचण्यासारखे आहे. ही माणसे ठरावीक जागेत काम करत नाहीत, नगावर काम करतात, मुकादम किंवा टोळीवाल्यामार्फत येतात, एकाच दिवशी अनेक मालकांकडे राबतात, आणि काम रोज सारखे नसते. म्हणून चालू कायद्यांत दुरुस्ती करून भागणार नाही, स्वतंत्र कायदाच करावा लागेल, असे समितीचे म्हणणे पडले. ‘एक मालक, एक कारखाना, एक हजेरीपट’ ही मोठ्या उद्योगाची चौकट छोट्या धंद्याला लागूच पडत नाही, हे सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे क्वचितच आले असेल. त्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

कायद्याने धंद्यानुसार मंडळे नेमायची तरतूद केली. किराणा बाजार, लोखंड-पोलाद, कापड बाजार, कागद, भाजीपाला, मालवाहतूक अशी मंडळे त्यानंतरच्या वर्षांत उभी राहिली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. प्रत्येक मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, शिवाय सरकारचे. व्यापाऱ्याने नोंदणी करायची, हमालाने नोंदणी करायची. टोळीला क्रमांक मिळे. काम झाले की मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही व्यापारी मंडळात भरे. मंडळ मजुरी कामगारांत वाटे आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना आणि स्वतःचा कारभार चालवे. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा, वेतन देण्याचा कायदा, प्रसूती लाभाचा कायदा हे या नोंदणीकृत कामगारांना लागू झाले. एखाद्या मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ खात्याच्या कामांची यादी घ्या आणि मंडळाच्या कामांशेजारी ठेवा. नोंदणी, नेमणूक, हजेरी, वेतनपट, वैधानिक भरणा, आरोग्य, रजा, तक्रार, निवृत्ती: एखाददुसरी ओळ सोडली तर दोन्ही याद्या जुळतात.

ग्रॅच्युइटीचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण सामायिक व्यवस्थेचे सगळे मर्म त्यात उतरले आहे. १९७२ मध्ये देशासाठी ग्रॅच्युइटीचा कायदा आला, तेव्हा त्याची अट होती एकाच आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा. दिवसाला चार गोदामे फिरणाऱ्या माणसाची सेवा कोणत्याच पेढीत पाच वर्षे सलग होत नाही. एखाद्या पेढीसाठी त्याने वर्षभरात केलेले काम एकत्र केले तर जेमतेम दोन महिन्यांचे भरेल. त्या दोन महिन्यांवरचा निवृत्तीचा हिस्सा वेगळा काढून तीस वर्षे जपून ठेवणे कोणत्याही पेढीला शक्य नाही. मध्यंतरी पेढी बंद पडते, भागीदार वेगळे होतात, मुलगा दुसऱ्या धंद्यात जातो. मंडळाने हे तुकडे एका खात्यात जोडले. वीस धन्यांची तीस वर्षांची देणी एका माणसाच्या नावावर जमा झाली. कामगाराच्या दृष्टीने ही म्हातारपणाची सोय झाली. व्यापाऱ्याच्या दृष्टीनेही काही कमी झाले नाही: त्याची जबाबदारी त्या त्या महिन्यातच फिटली. पेढी मोडताना कोणाचे देणे मागे राहत नाही, आणि न्यायालयात जुनी वही हजर करावी लागत नाही. धंदा करणाऱ्याला याची किंमत कळते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. छोट्या धंद्यात मालक आणि नोकर एकमेकांना ओळखतात, मालक नोकराच्या मुलीच्या लग्नाला जातो, दिवाळीला कपडे करतो, अडचणीला उचल देतो. अशा ठिकाणी नियम-नोंदींची कागदी व्यवस्था आणली तर आपुलकी जाते, असे म्हटले जाते. आपुलकी खोटी होती असे मी म्हणणार नाही. अनेक पेढ्यांनी आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. पण आपुलकीला स्मरणशक्ती नसते. बाप वारला की मुलाला आठवत नाही की बापाने कोणाला काय कबूल केले होते. उचल तोंडी असते आणि तिची फेड मालकाच्या वहीत एका बाजूनेच लिहिलेली असते. दोघांतले नाते बिघडले की त्या एका बाजूचे दोन अर्थ निघतात. शिवाय जिथे आपुलकी सर्वांत कमी होती ती जागा म्हणजे हमाली, कारण तिथे मालकाने माणसाचे नावही ऐकलेले नसे. नोंद आपुलकीच्या आड येत नाही. ज्याला दिवाळीचे कपडे द्यायचे आहेत त्याला मंडळाने कधी अडवले नाही.

दुसरा आक्षेप लेव्हीचा, आणि तो बाजारात सर्वांत मोठ्याने ऐकू येतो. लेव्ही मंडळानुसार कमी-जास्त असते, पण मजुरीच्या साधारण तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. हजार रुपयांच्या हमालीवर तीन-चारशे रुपये वर, ही रक्कम डोळ्यांत भरते. मात्र तिची तुलना शून्याशी करणे बरोबर नाही. ती करायची तर वीस माणसांच्या वरच्या कारखान्याशी करावी. तो मालक निधीचा हिस्सा भरतो, बोनस देतो, ग्रॅच्युइटीची तरतूद करतो, रजेचा पगार देतो, आजारपणाच्या विम्याचे पैसे भरतो, आणि हे सगळे सांभाळणाऱ्या कारकुनाचा पगारही देतो. हे सारे मजुरीवर टक्क्यांत मांडले तर फरक वाटतो तेवढा मोठा राहत नाही. व्यापारी कायद्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले होते; कायदा टिकला. पण कायदा टिकला म्हणजे व्यापाऱ्याची तक्रार संपली असे नाही. लेव्हीचा प्रत्येक पैसा जर वेळेवर खात्यात जमा झाला, दवाखाना नीट चालला, हिशेब मागताच मिळाला, तरच ती सेवेची किंमत ठरते. नाहीतर तो कर होतो. मंडळांतल्या रिकाम्या जागा, वर्षानुवर्षे न नेमलेले प्रतिनिधी आणि रखडलेली कागदपत्रे यांनी ही सीमा अनेकदा पुसली आहे, आणि त्याबद्दल चळवळीतल्या माणसांनीच आधी बोलायला हवे.

तिसरा आक्षेप अधिक कडवा आहे. मालकाला आपला माणूस निवडता येत नाही. टोळी ठरलेली, टोळीतली जागा बापाकडून मुलाकडे. आणि माथाडीच्या नावाखाली काही ठिकाणी काम न करताच पैसे मागितले जातात. औद्योगिक वसाहतींत अशा तक्रारी झाल्या आहेत आणि सरकारलाही त्यांची दखल घ्यावी लागली आहे. खंडणी ही खंडणीच; तिच्या समर्थनाला माथाडी कायदा येऊ शकत नाही. पण ही खंडणी नोंदीबाहेर घडते, हे नीट पाहिले पाहिजे. मंडळात नाव नसलेला, टोळी क्रमांक नसलेला, पावती न देणारा माणूस गोदामाच्या दारात येऊन पैसे मागतो, तेव्हा तो जुन्या टोळीवाल्याचाच वारस असतो. मंडळाचा हेतू ज्याला हटवण्याचा होता तोच दुसऱ्या वेषात परत आला आहे. त्याच्यावर उपाय करायचा तर नोंद अधिक घट्ट, अधिक लवकर आणि सर्वांना तपासता येईल अशी करावी लागेल. मंडळच काढून टाकले तर पेढीवाला पुन्हा एकटा त्या दारात उभा राहील. निवडीच्या मुद्द्यावर मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने अर्धा आहे. वारसाने जागा देण्याच्या पद्धतीने गावाकडची माणसे तगली, हे खरे. पण तिने नव्या माणसाला दार बंद केले, आणि बाजारात धान्य चाळणाऱ्या-निवडणाऱ्या बायकांना टोळीच्या बरोबरीची जागा मिळणे अवघड करून ठेवले.

याहून मोठी उणीव मला वेगळीच वाटते, आणि तिच्याबद्दल दोन्ही बाजू फारशा बोलत नाहीत. मंडळाने माणसाची मजुरी सांभाळली, त्याचे कौशल्य वाढवले नाही. मनुष्यबळ खात्याच्या यादीतल्या ज्या एखाददुसऱ्या ओळीचा वर उल्लेख केला, ती ओळ शिक्षणाची आहे. ऐंशीच्या दशकापासून मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. मशीद बंदरच्या गल्ल्यांतून रुंद रस्त्यांवर आल्यावर मालाची ने-आण बदलली. कंटेनर आले, पॅलेट आले, फोर्कलिफ्ट आली, पट्ट्यावरून सरकणारी पोती आली. शंभर किलोची गोणी पन्नासवर आली, यासाठी हमालांच्या संघटना अनेक वर्षे भांडल्या आणि ते भांडण माणसाच्या मणक्यासाठी होते. पण यंत्र चालवायला कोणी शिकवायचे? पेढीवाला शिकवणार नाही, कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या गोदामात जाईल; त्याच्या एकट्याच्या खर्चाचे फळ दुसऱ्याला मिळेल. छोट्या धंद्यात शिक्षणावर खर्च होत नाही त्याचे कारण मालकाचा कंजूषपणा नसून हा साधा हिशेब आहे. हा हिशेब सोडवू शकणारी एकच जागा होती, जिथे सगळ्या पेढ्यांचा पैसा आणि सगळ्या टोळ्यांची नावे एकत्र होती. लेव्हीतला एखादा टक्का जरी फोर्कलिफ्ट चालवण्याच्या, मालाचा हिशेब संगणकावर ठेवण्याच्या, गोदाम व्यवस्थेच्या शिक्षणाला बाजूला निघाला असता तरी आज हमालाचा मुलगा त्याच बाजारात वरच्या पायरीवर उभा राहिला असता आणि व्यापाऱ्याला बाहेरून माणूस आणावा लागला नसता. मंडळ हे कल्याणाचे कार्यालय आहे असे सर्वांनी धरले, आणि त्यामुळे त्याचे हे सामर्थ्य न वापरताच राहिले.

आज छोट्या मालकाला दुसरा एक मार्ग दाखवला जातो. पगारपट करून देणाऱ्या कंपन्या आहेत, संगणकावरचे हजेरीपट आहेत, माणसे पुरवणारे ठेकेदार आहेत. यांतली काही सेवा खरोखर उपयोगी आहे. महिन्याला थोडे पैसे भरून पीएफचा भरणा बिनचूक होत असेल तर दहा माणसांच्या कारखानदाराने ती जरूर घ्यावी. पण ठेकेदार हा मालकाचा माणूस असतो. त्याच्याकडे कामगाराची तक्रार ऐकणारे कोणी बसलेले नसते, आणि त्याचा ठेका संपला की त्याच्याकडची नोंदही संपते. मंडळाच्या मेजाभोवती मालक आणि कामगार समान संख्येने बसतात हा फरक लहान नाही. दर ठरवताना दोघे समोरासमोर असतात, म्हणून ठरलेला दर टिकतो, आणि दर टिकला की व्यापाऱ्याला वर्षभराचा खर्च आधी मांडता येतो.

महाराष्ट्राची ही कल्पना राज्याच्या सीमेत राहिली नाही. केरळने १९७८ मध्ये हमालांसाठी कायदा केला, गुजरातने १९७९ मध्ये, तमिळनाडूने १९८२ मध्ये. महाराष्ट्रातच १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी त्याच धर्तीचा कायदा आला. २०२३ मध्ये राजस्थानने मोबाइलवरच्या ॲपसाठी राबणाऱ्या कामगारांचा कायदा केला, तेव्हा व्यवहारावर रक्कम आकारायची, ती मंडळात जमा करायची आणि कामगाराची नोंद कंपनीपासून वेगळी ठेवायची हीच रीत पुन्हा दिसली. घरी जेवण पोहोचवणारा पोरगा दिवसात चार कंपन्यांचे काम करतो, जसा त्याचा आजा चार गोदामांचे करत होता, आणि जुन्या समितीचे निदान त्याला अक्षरशः लागू पडते.

छोट्या दुकानाकडे मात्र वारे उलटे वाहिले आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्राने दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा केला आणि दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना नोंदणीतून मोकळे केले. आता त्यांनी धंदा सुरू केल्याची सूचना दिली की पुरे. दुकानदाराचा हेलपाटा वाचला, आणि ते चांगलेच झाले, कारण कोणी मदतीला नसताना वह्या ठेवण्याच्या सक्तीतून कागदापलीकडे फारसे काही निष्पन्न होत नव्हते. पण त्या वह्यांची जागा घेईल असे सामायिक मंडळ कोणी काढलेले नाही. वाशीच्या बाजारात किराणा दुकानाची गोणी ट्रकमधून उतरवणाऱ्याच्या नावावर मंडळात खाते आहे. तीच गोणी दादरच्या दुकानात फोडून पुड्या बांधणारा पोऱ्या अजून मालकाच्या आठवणीत तेवढा नोंदलेला आहे.